जड बिअर फार गोड झाली आहे, वाचवता येईल का?

फसफस (धागाकर्ता)

नमनाला घडाभर तेल घालत नाही. घरी केलेली बार्लीवाइन (नावात वाइन, पण ही जास्त दारूची जड बिअर), २० लिटर. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर जास्त तर आकडा जास्त) १.११०. आज ३२ दिवस झाले. एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी झडप) गेले दोन आठवडे गप्प आहे. काल मोजलं तर १.०७०!

चवीचं काय सांगू? पहिला घोट बरा, दुसऱ्याला खोकल्याचं औषध, तिसरा घ्यावासाच वाटला नाही. ओठ एकमेकांना चिकटतात. चढते मात्र जोरात, अर्ध्या पेल्यात कान गरम.

पेल माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) ८५ टक्के, क्रिस्टल माल्ट (गोडसर प्रकार) १५ टक्के. मॅश (माल्ट गरम पाण्यात भिजवणं) ६९ अंशांना. कडूपणा हिशेबाने ४५ आयबीयू. कोरडं इंग्लिश एल यीस्ट, ११.५ ग्रॅमचं एक पाकीट. फर्मेंटर (आंबवायचं भांडं) १८ अंशांवर.

शॅम्पेनचं यीस्ट आणून ठेवलंय. आज रात्री टाकून देऊ का?

टवाळखोर

टाकून देऊ का म्हणजे यीस्ट की बिअर?

निवांत_नाना

काहीही टाकू नका. बूच लावा आणि वर्षभर विसरून जा. जड बिअरला ३२ दिवस म्हणजे पी हळद हो गोरी. माझी एक बार्लीवाइन सहाव्या महिन्यात फेकायला काढली होती, कंटाळा आला म्हणून राहिली. दीड वर्षाने तिच्यासारखी दुसरी नव्हती.

हॉप्सवाली

नाना, मुरल्याने दारूचा जळजळीतपणा कमी होतो, हे मान्य. पण साखर मुरून कुठे जाणार? उलट हॉप्सचा (बिअर कडू करणाऱ्या फुलांचा) कडूपणा काळाबरोबर उतरतो, म्हणजे आत्ता गोड लागतेय ती वर्षाने आणखी गोड लागेल. तुमची बिअर मुळात गोड नसणार, नुसती तिखट असणार.

संशयात्मा

माझा प्रश्न वेगळा आहे. १.११० वरून १.०७० म्हणजे ४० पॉइंट. ४० गुणिले ०.१३१ केलं की जेमतेम सव्वापाच टक्के दारू. सव्वापाच टक्क्यांत अर्ध्या पेल्याने कान गरम होत नाहीत. फसफसराव, मोजलंत कशाने?

फसफस

रिफ्रॅक्टोमीटरने. सुरुवातीला २६ ब्रिक्स (साखरेचे टक्के) होतं, आता १७. तक्त्यात बघितलं, १७ म्हणजे १.०७०.

संशयात्मा

तरीच! तो तक्ता फक्त गोड पाण्यासाठी असतो. रिफ्रॅक्टोमीटर प्रकाश किती वळतो ते बघतो, आणि दारूसुद्धा प्रकाश वळवते. आंबणं सुरू झालं की त्याचा आकडा दरवेळी जास्तच येणार. २६ आणि १७ दुरुस्तीच्या सूत्रात घातले तर १.०३६ च्या आसपास येतात. सरळ हायड्रोमीटर (घनता दाखवणारी तरंगती नळी) बुडवा. आधी नमुना या पेल्यातून त्या पेल्यात दहा-बारा वेळा ओतून त्यातला वायू घालवा, नाहीतर बुडबुडे दांडीला चिकटतात आणि ती वर उचलली जाते.

फसफस

हायड्रोमीटर धुळीतून शोधून काढला. ओतताच मोजलं तर १.०३९, वायू घालवल्यावर १.०३६. तुम्हाला दंडवत.

म्हणजे दारू ९.७ टक्के. कान बरोबर होते, मीच चूक होतो. पण हो, गोड ती आहेच.

टवाळखोर

कानमीटर पेटंट करून घ्या.

रसायनी

१.०३६ हासुद्धा खरा आकडा नव्हे, हे लक्षात घ्या. दारू पाण्यापेक्षा हलकी, त्यामुळे हायड्रोमीटर खोल बुडतो आणि शिल्लक अर्क (विरघळलेल्या साखरा वगैरे) कमी दाखवतो. बॉलिंगच्या सूत्राने तुमच्या बिअरचा हिशेब केला, तर दर १०० ग्रॅममध्ये अजून १२ ग्रॅम अर्क शिल्लक आहे. सुरुवातीला २६ होता. ओठ चिकटतील नाही तर काय.

आता मुद्दा असा, की या १२ ग्रॅममध्ये दोन जातींची मंडळी आहेत. एक म्हणजे यीस्टला खाता येतात पण खाल्ल्या गेल्या नाहीत अशा साखरा, माल्टोज आणि माल्टोट्रायोज. दुसरी डेक्स्ट्रिनं, म्हणजे लांब साखळ्या, ज्या साधं यीस्ट तोंडातच घेऊ शकत नाही. तुम्ही मॅश ६९ अंशांना केलात. गोड, खाण्याजोगी साखर मुख्यतः बीटा अमायलेज हे एन्झाइम बनवतं आणि ते ६५ च्या पुढे भराभर मरतं. ६९ ला उरतं अल्फा, ते साखळ्या मध्येच कुठेतरी तोडतं आणि लांबलांब तुकडे सोडतं. जास्त डेक्स्ट्रिनं तुम्ही स्वतःच मागवलीत.

घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते कळल्याशिवाय औषध देऊ नका. यीस्ट दमलंय, की ताटात खाण्यासारखं काही उरलंच नाही?

कडवट

रसायनीताई, एक दुरुस्ती. डेक्स्ट्रिनं स्वतः फारशी गोड लागत नाहीत, ती नुसती जाडी आणतात. गोडवा येतो तो उरलेल्या साखरेतून, १५ टक्के क्रिस्टलमधून, आणि हे कुणी बोलत नाही म्हणून सांगतो, दारूतूनसुद्धा. निम्मी भानगड कडूपणाची आहे. १.११० ला ४५ आयबीयू म्हणजे प्रत्येक पॉइंटमागे ०.४१. इंग्लिश बार्लीवाइनला ३५ ते ७० चालतं हे खरं, पण ती जेव्हा १.०१८ ते १.०३० मध्ये संपते तेव्हा. १.०३६ ला ४५ म्हणजे नुसता वास दाखवल्यासारखं.

रसायनी

मान्य. "ताई" मात्र अंदाजाने लावलंत, लागलं बरोबर.

फसफस

मग शोधायचं कसं, यीस्ट दमलंय की ताट रिकामं?

हॉप्सवाली

सोपं आहे. २०० मिली नमुना बाटलीत घ्या. त्यात अर्धं पाकीट कोरडं यीस्ट कोमट पाण्यात भिजवून ओता. अर्धं पाकीट म्हणजे वाजवीपेक्षा कितीतरी जास्त, पण इतक्या दारूत पडल्या पडल्या बरंच मरतं, म्हणून. तोंडाला फॉइल, २५ अंशांजवळ ठेवा, येता-जाता हलवा. हा नमुना नंतर ओतूनच द्यायचा आहे, त्यामुळे हवा लागली तरी फिकीर नाही. तीन-चार दिवसांनी तो जिथे थांबेल तो तुमच्या वर्टचा (आंबण्याआधीच्या माल्टच्या गोड पाण्याचा) तळ. मोठ्या फर्मेंटरने कितीही जोर लावला तरी त्या यीस्टने त्याखाली जाणार नाही.

नवखा

मध्येच बोलतो, माफ करा. हे सगळं वाचून भीती वाटली. घरच्या बिअरमध्ये विषारी दारू तयार होते म्हणतात ना, मिथेनॉल? जास्त टक्क्यांची असली की जास्त होते का?

रसायनी

नाही. मिथेनॉल मुख्यतः फळांमधल्या पेक्टिनपासून येतं आणि माल्टच्या बिअरमध्ये त्याचं प्रमाण नगण्य असतं. ऐकतो ते अपघात बहुतेक भेसळीचे असतात, कुणीतरी औद्योगिक मिथेनॉल मिसळलेलं असतं. इथे कुणी दारू गाळत नाहीये. घरच्या बिअरमध्ये खरी भीती काचेची. त्यावर बूचमास्तर बोलतीलच, त्यांना बोलल्याशिवाय राहवत नाही.

बूचमास्तर

आलोच. धाग्यात अजून कुणी "एन्झाइम घाला" म्हटलेलं नाही, म्हणून थांबलो होतो.

उडाणटप्पू

एन्झाइम घाला. ग्लुकोअमायलेज. दहा लिटरला चिमूटभर, दोन आठवड्यांत खडखडीत कोरडी.

बूचमास्तर

घ्या! 😀

तर ऐका. माझी एक इम्पीरियल स्टाउट (काळी, जड बिअर) अशीच १.०३८ ला अडकली होती. ग्लुकोअमायलेज घातलं. हे एन्झाइम डेक्स्ट्रिनच्या टोकाकडून एकेक ग्लुकोज सोडवत बसतं आणि यीस्ट ते खात जातं. दहा दिवसांत १.०१४ ला आली. आकडा दोन दिवस हलला नाही म्हणून मी बाटल्या भरल्या, वर नेहमीची साखरही घातली. पण एन्झाइम थांबत नसतं. त्याला उकळावं लागतं, आणि बिअर कोण उकळतो?

पाच आठवड्यांनी पहाटे तीनला कपाटातून आवाज. आधी एक, मग तिच्या धक्क्याने शेजारची, मग तिसरी. दार उघडायची हिंमत झाली नाही. सकाळी बघितलं तर काचेचा एक तुकडा लाकडी फळीत उभा रुतला होता, अंगठ्याएवढा. उरलेल्या बाटल्यांची बुचं जाड जाकीट, हातमोजे आणि हेल्मेट घालून उघडली.

हिशेब पाठ करून ठेवा. बाटलीत ग्रॅव्हिटी एक पॉइंट उतरली की साधारण अर्धं आकारमान (बिअरच्या निम्मा) वायू तयार होतो. चार पॉइंट म्हणजे दोन आकारमानं, आणि तेवढी तर तुम्ही नेहमीची साखर घालून मुद्दाम करता. वर आणखी सहा पॉइंट उतरले तर तीन आकारमानं जास्तीची. साधी बाटली ते सोसत नाही.

उडाणटप्पू

मी पिंपात ठेवतो, बाटल्या भरत नाही. दाब वाढला की सोडून देतो. आणि माझी तर १.००२ पर्यंत गेली, छान होती.

कडवट

१.११० ची १.००२? चौदा टक्के दारू आणि अंगात काही नाही. ती बार्लीवाइन नव्हे, रॉकेल आहे. आजार परवडला, उपाय नको.

उडाणटप्पू

चव ज्याची त्याची.

फसफस

आणि शॅम्पेनचं यीस्ट? पाकिटावर १८ टक्क्यांपर्यंत सोसतं असं लिहिलंय.

संशयात्मा

सोसेल हो, पण खाईल काय? नेहमीचं जे शॅम्पेनचं यीस्ट मिळतं ते द्राक्षाच्या रसावर वाढलेलं. ग्लुकोज, फ्रुक्टोज त्याच्या हातचा मळ. माल्टोट्रायोज त्याला नीट पचत नाही आणि डेक्स्ट्रिनांकडे तर बघतही नाही. वर ते मारकं यीस्ट आहे, म्हणजे विष सोडून आजूबाजूची चांगली एल यीस्टं मारतं. उद्या बिअरचं ताजं यीस्ट घालायचं ठरवलंत तर हा पाहुणा आधीच घर बळकावून बसलेला असेल. बाटलीत फेस आणायला उत्तम, अडकलेली बिअर सोडवायला नाही.

हॉप्सवाली

+१. बाय द वे, २० लिटर १.११० ला एक पाकीट? तिथेच गाडी घसरली. दोन-तीन पाहिजेत. आणि सुरुवातीला हवा किती दिलीत?

फसफस

हवा... फर्मेंटर जरा हलवला होता. आता पंप लावून देऊ का?

हॉप्सवाली

नको!! हे वरातीमागून घोडं. यीस्टला प्राणवायू लागतो तो वाढण्याआधी, पेशीचं पटल मजबूत करायला. इतक्या जड वर्टला पहिल्या दिवशीच, फार तर १२ ते १८ तासांनी पुन्हा एकदा. तयार बिअरमध्ये आता हवा घातली की ती ओल्या पुठ्ठ्यासारखी लागणार. फर्मेंटर २१-२२ अंशांवर आणा, तळाचं यीस्ट हलक्या हाताने घुसळा, झाकण न उघडता. आणि तो २०० मिलीचा नमुना लावा.

(पाच दिवसांनी)

फसफस

नमुना लावला होता. चौथ्या दिवशी १.०३०, पाचव्या दिवशीही १.०३०. मोठा फर्मेंटर २२ अंशांवर आणूनही १.०३६ लाच बसलाय.

रसायनी

म्हणजे सहा पॉइंट यीस्टच्या आळसाचे, बाकीचं तुमच्या ६९ अंशांचं आणि क्रिस्टलचं. ताज्या यीस्टने जास्तीत जास्त १.०३० मिळेल.

आता सहा पॉइंटांसाठी खटपट करायची तर नीट करा. एक लिटर हलक्या वर्टमध्ये, १.०४० च्या आसपास, ताजं यीस्ट वाढवा. ऐन फेसात असताना त्यात तुमची बिअर थोडी थोडी मिसळा: आधी पाव लिटर, दोन-तीन तासांनी अर्धा, मग एक लिटर. दारूची सवय होऊ द्या. तरतरीत असतानाच सगळं फर्मेंटरमध्ये, हळूच, शिंतोडे न उडवता. पाकीट फाडून थेट ९.७ टक्क्यांत ओतणं म्हणजे झोपेतल्या माणसाला विहिरीत ढकलणं.

टवाळखोर

पाणी घाला की सरळ. विहिरीवरून आठवलं.

संशयात्मा

हसू नका. मोठ्या ब्रुअरीत हे सर्रास चालतं. जड बिअर आंबवायची आणि शेवटी प्राणवायू काढलेलं पाणी घालून नेहमीच्या टक्क्यांवर आणायची. पण फसफसरावांची गोडी आणि दारू दोन्ही एकाच मापाने उतरतील, तोल तोच राहील. १५ लिटरला ५ लिटर पाणी घातलं तर १.०२७ आणि सव्वासात टक्के, कडूपणासुद्धा ४५ चा ३४. मिळमिळीत.

त्यापेक्षा दुसरी कोरडी, कडू बिअर मिसळा. मिसळण्यात ग्रॅव्हिटीचा हिशेब सरळ सरासरीचा. १.०३० ची तीन मापं आणि १.००८ चं एक, म्हणजे १.०२४ च्या जवळपास. आधी पेल्यात करून बघा, १०० मिलीत. वीस लिटरवर प्रयोग करायचा नसतो.

कडवट

आणि कडूपणाचे थेंब. हॉप्सचा आयसो-अल्फा अर्क मिळतो, थेंबाथेंबाने पेल्यात घालून चव बघता येते. हॉप्स नुसत्या पाण्यात उकळून ते पाणी घालणारेही आहेत, मी केलंय, कडूपणा येतो पण जरा रखरखीत. शिवाय पाणी वाढतं ते वेगळंच.

उडाणटप्पू

कोरडे हॉप्स टाका फर्मेंटरमध्ये. वास येईल, गोडी झाकेल.

रसायनी

झाकेलच असं नाही, पण एक गंमत आहे. हॉप्समध्येही थोडी एन्झाइमं असतात, ती डेक्स्ट्रिनं तोडतात आणि थांबलेली बिअर पुन्हा हळूहळू आंबायला लागते. हे हल्लीचं खूळ वाटतं, पण ब्राउन आणि मॉरिस यांनी १८९३ मध्येच हे लिहून ठेवलंय. तेव्हा टाका, पण टाकल्यावर आकडा स्थिर होईपर्यंत बाटलीचं नाव काढू नका.

(तीन आठवड्यांनी)

फसफस

अपडेट. ताज्या यीस्टने १.०३१ ला आणलं, दारू १०.४ च्या आसपास. ओठ चिकटणं थांबलं, पण दुसरा पेला अजून नको वाटतो.

काल पेल्यांची परीक्षा घेतली. पहिला तसाच. दुसऱ्यात कडू थेंब: बरा, पण गोड आणि कडू दोघं शेजारी बसून एकमेकांशी बोलत नाहीत असं वाटलं. तिसऱ्यात तीनास एक माझी जुनी कोरडी बिअर, १.००४ ची. काय सांगू! माल्ट तसाच, दारूची ऊब तशीच, आणि शेवटाला जीभ स्वच्छ. घरच्यांनीही न सांगता तिसराच उचलला. उद्या १५ लिटरला ५ लिटर मिसळून बाटल्या भरतो. सगळ्यांचे आभार!

बूचमास्तर

थांबा. १.००४ इतकी कोरडी? ती जुनी बिअर कुठल्या यीस्टची?

फसफस

सेझॉन.

बूचमास्तर

बाटल्या खाली ठेवा. हळूच.

सेझॉनची (बेल्जियन पद्धतीची कोरडी बिअर) बरीच यीस्टं डायास्टॅटिकस जातीची असतात. ती स्वतःच ग्लुकोअमायलेज बाहेर सोडतात. म्हणजे उडाणटप्पूंची चिमूटभर पूड, पण जिवंत आणि पिल्लं घालणारी. तुमच्या बार्लीवाइनमधली सगळी डेक्स्ट्रिनं त्यांना आयतं ताट. आज १.०२४ ला भरलेली बाटली तीन-चार महिन्यांत कुठे जाईल याचा नेम नाही. सहा पॉइंट गेले तरी माझ्या कपाटाची गत.

टवाळखोर

हेल्मेटची साइज काय हो मास्तर तुमची?

फसफस

पाकिटाची माहिती काढून बघितली. डायास्टॅटिकसच निघालं. हात थंड पडले. मिसळलेलं नव्हतं अजून, नशीब.

हॉप्सवाली

घाबरू नका. शत्रूला कामाला लावा. पाच लिटर बार्लीवाइन वेगळ्या भांड्यात काढा, त्यात मुद्दाम ती सेझॉन मिसळा, एअरलॉक लावा आणि त्यांना काय खायचं ते भांड्यातच खाऊ द्या. बाटलीत जे घडणार होतं ते बाहेर घडेल. बाकीच्या बार्लीवाइनला कडू थेंब. नळी, झाकण, सगळं वेगळं ठेवा; प्लास्टिकवर ओरखडे असतील तर ते भांडं यापुढे सेझॉनचंच.

कडवट

आणि ती थेंबवाली बिअर जरा जास्त फेसाची करा आणि थंड द्या. वायूच्या चरचरीने आणि गारव्याने गोडी निम्मी दबते. पेला कोमट झाला की परत डोकं वर काढेल, तेवढ्यात संपवायची.

निवांत_नाना

म्हणजे शेवटी थांबायचंच आहे ना? मी पहिल्याच दिवशी काय म्हटलं होतं?

हॉप्सवाली

नाना 🙏

(अडीच महिन्यांनी)

फसफस

धागा वर काढतोय. थेंबवाल्या बाटल्या ठीक आहेत. थंडगार असताना लोक मागून घेतात, अर्ध्या पेल्यावर गप्प होतात.

सेझॉन मिसळलेलं भांडं १.०२४ ला सुरू झालं होतं. पहिल्या महिन्यात १.०२१, मग १.०१९, मागच्या रविवारी १.०१७. काल मोजलं, वायू घालवून, दोनदा: १.०१७. चव अशी, की मोजण्यासाठी काढलेला नमुना भांड्यात परत ओतायचा नसतो हे बरं वाटावं. मास्तर, भरू का?

बूचमास्तर

एकच आठवडा स्थिर? अजून तीन आठवडे तोच आकडा दाखवा, मग बोलू. आणि बाटल्या जाड काचेच्या.

फसफस

जाड काचेच्या आणल्यात. धुऊन उपड्या ठेवल्यात. रोज जाऊन बघतो, रिकाम्याच आहेत.